गुहेचं मागलं तोंड

करवंदीच्या जाळीत अण्णाप्पानं डोकं घातलं, तिथं काही नव्हतं म्हणून बाहेर काढलं आणि शेजारच्या जाळीत घातलं. काट्यांनी मफलर ओढून ओढून सैल झाला होता. तो त्यानं पुन्हा नाकापर्यंत आवळला आणि टोकं सदऱ्यात खोचली.

गगनबावड्याच्या पावसानं डोंगराची मागली बाजू पार गिळून टाकली होती. कारवी पुरुषभर वाढलेली, तिच्यावर वेल चढलेले, वेलांवर आणखी कसले तरी वेल. यातच कुठंतरी गुहेचं मागलं तोंड होतं. पुढलं तोंड शोधायची गरज नव्हती. श्रावण लागला त्या दिवशी सिद्धबाबा आत समाधीला बसले आणि गावानं त्या तोंडावर चिऱ्यांची भिंत घातली. अन्न नाही, पाणी नाही. आज श्रावण संपला. बारा वाजता भिंत फोडायची होती. त्यासाठी एस.टी.नं जादा गाड्या सोडल्या होत्या, आणि डोंगरापलीकडे बँड सकाळपासूनच वाजत होता.

मधेच सरपंच हंबीररावांचा आवाज कर्ण्यातून यायचा.

"कोल्हापुरातली शिकल्याली मानसं म्हनत्यात, बाबा भोंदू हाय. आज या म्हनावं बघायला! आन् भोंदू निघालंच, तर तालमीची पोरं हितंच बसल्यात. तंगड्या जाग्यावर ऱ्हानार न्हाईत!"

टाळ्या पडल्या. अण्णाप्पा घाईनं पुढल्या जाळीकडं सरकला.

"काय हरवलंय म्हनायचं, पावणं?"

वरच्या दरडीवर एक म्हातारी उभी होती. हातात विळा, भोवती शेळ्या. ही खालच्या वाडीतली हिराबाई.

"गुहंचं मागलं तोंड शोधतोय."

"ते कशाला?"

अण्णाप्पानं मफलर आणखी वर ओढला. "आत माझा भाऊ हाय. सिद्धबाबा."

"अगं बया!" हिराबाईनं घाईनं पदर डोक्यावर घेतला. "मग पुढनं जावा की. तुमालाबी हार घालत्याल."

"बारा वाजायच्या आदी आत गेलं पायजे, म्हातारे. लोकांनी भिंत फोडली आन् आत कायतरी भलतंच दिसलं तर? जीव थाऱ्यावर न्हाय माझा."

हिराबाई विरघळली. "थांबा हितंच. हंबीररावाला सांगून येते, भिंत आत्ताच फोडा. जीव मोठा का म्हूर्त मोठा?"

"नको!"

अण्णाप्पा एवढ्यानं ओरडला की शेळ्या पांगल्या. मग आवाज उतरवून म्हणाला, "म्हूर्त मोडला तर बाबाचं पार वाटुळं हुईल."

हे हिराबाईला पटलं. तिचे स्वतःचे दोन भाऊ एका बांधावरून बारा वर्षं बोलत नव्हते. असला भाऊ तिनं आजवर बघितला नव्हता. ती दरड उतरून आली आणि विळ्यानं कारवी सपासप कापायला लागली.

"तोंडाला एवढं का गुंडाळलंय?"

"दाढ दुखती."

"भाऊ महिनाभर उपाशी, आन् तुमचं प्वाट बघा की वो."

"कोल्हापुरात राजारामपुरीच्या खानावळीत जेवतोय महिनाभर," अण्णाप्पा मान खाली घालून म्हणाला. "त्याच्या वाटणीचंबी मीच खाल्लं म्हना."

"रडू नगासा. खानाऱ्याचा काय दोष?"

अण्णाप्पा दगड उलटवत होता, फांद्या मोडत होता, मोडलेल्या फांद्या परत ढकलून बघत होता. "एवढ्यातच हुतं. तवा गवत गुडघ्याएवढं हुतं."

"तवा म्हंजे कवा?"

"भाऊ सांगत हुता."

पलीकडं बँड थांबला आणि आरती सुरू झाली. आरती म्हणजे शेवटचा टप्पा. अण्णाप्पा आता चारी हातापायांवर आला होता. सदरा फाटला, गुडघे सोलवटले, कोपराला रक्त आलं, तरी तो थांबेना. मधेच "देवा, एवढ्या बारीला दाखीव" असं काहीतरी पुटपुटत होता. हिराबाईला भडभडून आलं.

तेवढ्यात ती दचकून उभी राहिली. "आवं, माझी शेळी डोंगराच्या पोटात वरडाय लागली!"

दोघं आवाजाच्या रोखानं धावले. विळा चालला, वेल तुटले, आणि जांभ्याच्या कातळात काळं भगदाड दिसलं. आतून वटवाघळांचा वास आला, त्यामागून शेळी आली.

हिराबाईनं भगदाडाकडं बघितलं, मग अण्णाप्पाकडं. "शेळीला पुरलं. तुमाला पुरंल व्हय?"

"पुरतंय," अण्णाप्पा म्हणाला, आणि इतक्या खात्रीनं म्हणाला की तिनं पुढं विचारलंच नाही.

तो डोक्यानं आत शिरला. खांदे गेले. छाती गेली. पोट मात्र गेलं नाही. त्यानं श्वास सोडला, पाय झाडले, नखांनी कातळ खरवडला. पुढं जाता येईना, मागं येता येईना. समोर मिट्ट काळोख होता. त्या काळोखात, पलीकडच्या भिंतीच्या सांध्यांतून, उजेडाच्या बारीक रेघा दिसत होत्या.

"ढकल, म्हातारे!" तो घशातल्या घशात ओरडला. "जोर लाव!"

हिराबाईनं त्याच्या तळव्यांना खांदा लावला.

पहिली पहार भिंतीवर बसली. आतला सगळा कातळ घुमला. दुसरी बसली. अण्णाप्पानं जिवाच्या आकांतानं मान पुढं ताणली, मफलर मागं एका मुळीत अडकून निघून गेला. तिसऱ्या घावाला भिंत कोसळली, आणि धुरळ्यातून दुपारचा उजेड थेट त्याच्या तोंडावर, सदऱ्यातून सुटून जमिनीवर पसरलेल्या त्याच्या लांबलचक दाढीवर आला.

हंबीरराव हार घेऊन आत आले. समोरच्या कातळातून छातीपर्यंत बाहेर आलेला तो माणूस त्यांनी नीट निरखून बघितला. हातातला हार गळाला आणि ते धाडकन जमिनीवर आडवे झाले.

"बाबाऽऽ! एका श्रावणात निम्मं अंग डोंगरात मुरलं की वो तुमचं!"

बाहेर जयजयकार उठला. तालमीची पोरं रांगेनं पाया पडायला आत आली आणि पाय कुठं आहेत ते शोधायला लागली. सिद्धबाबांनी डोळे मिटून घेतले.

डोंगराच्या मागल्या अंगाला हिराबाई तळव्यांना खांदा लावून घामाघूम झाली होती. ती ओरडली, "पावणं, दिसला का वो भाऊ?"