एक म्हणजे हो

"माझी हाक ऐकू येईल इतकंच लांब जा रे, राजा!" आई उंबऱ्यातून ओरडायची. तिची हाक गल्ली ओलांडायची, वळण घ्यायची आणि पळणाऱ्या पोराच्या मानगुटीवर जाऊन बसायची. पोरगा मोठा झाला, लिफ्टचा मिस्त्री झाला, पोटामागे परमुलखात गेला. हाकेच्या अंतरावरचं लेकरू फोनच्या अंतरावर गेलं.

मिस्त्री आता एका उंच इमारतीच्या यंत्रखोलीत मोटरीला कान लावून बसला होता. लिफ्टचं दुखणं त्याला आवाजावरूनच कळे. कुठे घासतंय, कुठे सैल झालंय, दोर कुठे कुरकुरतोय. तेवढ्यात त्याचा दाढीवाला जोडीदार जिन्यावरून धापा टाकत वर आला.

"मिस्त्री, सुटलो! सवलत दिलीय सरकारनं. ज्यांचे व्हिसाचे अर्ज तुंबलेत, त्यांनी आता घरी जाऊन यायला हरकत नाही. परत आत घेणार."

"कायमचं?"

"कायमचं कुठलं? वर्षअखेरपर्यंत. अडकलेल्या लिफ्टचं दार बोटभर फाकवलंय म्हण. येईल तेवढा वारा घे."

मिस्त्रीला हसू आलं नाही. व्हिसा वाढवून मिळावा म्हणून त्यानं अर्ज केला, त्यालाही आता वर्षं लोटली. कचेरीत अर्जांचा डोंगर, आणि याचा अर्ज त्या डोंगराच्या तळाशी. निकाल लागेपर्यंत राहा, राबा. पण देशाची वेस ओलांडलीत की अर्ज बाद आणि परतीचं दार बंद. बायको इथं, शाळेत जाणारी लेक इथं. आणि आई तिकडे, अंथरुणाला खिळलेली.

अर्धांगवायूनं तिची वाचा नेली होती. गल्ली दणाणून सोडणारा गळा, त्यातून साधा हुंकार निघेना. उजवा हात तेवढा उरला. वाकडं झालेलं तोंड लेकाला दाखवायची तिला लाज वाटे, म्हणून त्याची थोरली बहीण, ताई, नुसता फोन तिच्या उशाशी धरी. तो इकडून बोले आणि ती बोटातलं वळं पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवी. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. जेवलीस का? टण. दुखतंय? टण, टण. खोटं बोलतेस ना? टण. मग तो हसे, आणि ताई सांगे, हीसुद्धा हसतेय रे.

आई फारच खंगली तेव्हा त्यानं एकदाच विचारलं होतं, "आई, सगळं सोडून येऊ का?"

बराच वेळ काही वाजलं नाही. मग टण. आणि पाठोपाठ, जरा जोरात, आणखी एक टण.

तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला होता. केवढ्या मनाची माउली! जाता जाताही लेकराचा घास राखतेय. दुसऱ्याच आठवड्यात ती गेली. तिला खांदा द्यायलाही त्याला जाता आलं नाही.

आणि आता, एवढ्या महिन्यांनी, ही सवलत.

गच्चीवर येऊन त्यानं ताईला फोन लावला.

"ताई, वाट उघडली. येतोय मी."

"ये." तिकडे नळाखाली भांडी वाजत होती.

"बैल गेला नि झोपा केला म्हणशील."

"मी कशाला म्हणू? ये तू."

"बाकीचे म्हणतातच की. मामा म्हणाला, पोटचा गोळा, पण दगडाचा. मावशीनं तर माझा आवाज ऐकून फोनच ठेवला. सांगून सांगून जीभ झिजली, की आईनंच नको म्हटलं. ती एकदा हो म्हणाली असती ना, तर अर्ज गेला खड्ड्यात म्हणून त्याच पावली निघालो असतो."

भांड्यांचा आवाज थांबला.

"ऐकतेयस ना?"

"हं."

"खरं सांगू? राग तुझाच येतो. तू तिथं होतीस. फोन तुझ्या हातात होता. माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाहीस कधी. एवढंच तर माझ्यापाशी उरलंय, ताई, की आईनं मला मोकळं केलं. आता आलो की सगळ्यांना समोर बसव, आणि तुझ्या तोंडानं सांग, आई काय म्हणाली ते."

मिस्त्रीनं फोन कानाशी घट्ट दाबला. तिचा श्वास आत कुठेतरी अडत होता, घासत होता.

"तू विचारलंस ना, येऊ का म्हणून," ती म्हणाली, "तेव्हा तुझा आवाज ‘नको म्हण, नको म्हण’ असा गयावया करत होता रे. तुझा संसार, लेकीची शाळा, हिचं औषधपाणी, सगळं त्या एका अर्जाला टांगलेलं. मला वाटलं, तू आलास तर दोन्ही घरं बुडतील. आणि ही तर जाणारच आहे."

"म्हणजे?"

तिकडे नळाचं पाणी नुसतंच वाहत राहिलं.

"ताई, म्हणजे काय?"

"आईनं एकदाच वाजवलं होतं," ताई म्हणाली. "दुसऱ्यांदा तिचं बोट मी धरून आपटलं, आणि ती माझ्याकडे बघत राहिली."