लगद्याच्या तीन टोपल्या

बाहत्तरच्या मे महिन्यात बिदरचं माहेरपण उरकून मी राहुरीला परतले, तेव्हा अंगणात तीन नव्या टोपल्या वाळत होत्या. रद्दी भिजवून, मेथी घालून कुटायची आणि लगदा मडक्यावर थापायचा, हे सासूबाईंचं दर उन्हाळ्याचं काम. एकीवर डकवलेल्या पानावर माझं अक्षर दिसलं. शाळेत शिकलेल्या उर्दूतल्या गझला, आईच्या कानडीतल्या कविता आणि नगरच्या स्पर्धेला सोमवारी द्यायचं मराठी नाटक, सगळं एकाच लगद्यात गेलं होतं. दुसरी प्रत नव्हती. “आत्याबाई, माझी ट्रंक उघडलीत का?” मी विचारलं. “व्हय. तुझ्या कागदाची टोपली लई टनक झाली. भाकरी ठेवायला बरी.” मी टोपली पालथी करून पुन्हा उन्हात ठेवून दिली. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “आगं, कोऱ्या वह्यांना हात न्हाई लावला. लिहून भरल्याल्या तेवढ्याच घेतल्या.”