दगडाचं सूत

विणकराने चिमट्यात कापड धरलं आणि सरळ शेगडीत टाकलं.

बायको ओरडली. तिचा आवाज ऐकून शेजारीण धावत आत आली. निखाऱ्यांवर कापड लाल होत गेलं, जणू निखाराच कुणी विणून काढला होता. विणकराने ते बाहेर ओढून फरशीवर ठेवलं. लाली ओसरली. कापड होतं तसंच पांढरं. कोपऱ्यातला तेलाचा डाग तेवढा जळून गेला होता.

"दगड आहे हा," तो म्हणाला. "ॲस्बेस्टॉस. खाणीतून निघतो. पिंजला की कापसासारखा कातता येतो."

"दगडाचं सूत?" बायकोने हळूच बोट लावून पाहिलं.

"बॉयलरला हेच गुंडाळतात. जहाजांच्या भिंतींत हेच, नव्या घरांच्या छपरांत हेच. उद्या इस्त्रीखालीही हेच येणार बघ."

"मग माझ्या सासूबाईंच्या जिभेवर घालायला एक तुकडा आणा की!" शेजारीण म्हणाली.

बायको खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी. मागच्या घरी स्टोव्ह भडकला होता आणि पाळण्याचा पडदा पेटला होता. बाळ थोडक्यात वाचलं. तेव्हापासून काडी ओढण्याआधीही ती पाळण्याकडे वळून पाही. इथेही खोली एकच. शेगडीपासून पाळणा हातभर अंतरावर.

विणकरही हसायला गेला, पण त्याला ढास लागली. गिरणीत त्याच्या खात्यात ती सगळ्यांनाच होती. जुने कामगार तर जिना चढताना मध्येच बसून घेत.

कापड गार झालं. बाळाच्या अंगावर राखेचा कणही पडायला नको, म्हणून त्याने ते पाळण्याशेजारी उभं राहून नीट झटकलं, पुन्हा झटकलं, आणि पाळण्याच्या दांडीवर पडद्यासारखं पसरलं. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती. तिच्यात बारीक तंतू चमकू लागले. केसाहून कितीतरी बारीक, आणि इतके हलके की खाली बसायचं नावच घेईनात. तिघंही पाहत राहिली. बाळाने दोन्ही हात वर केले आणि तोंड उघडून त्या चकाकीकडे झेप घेतली.

"आता याला कशाची भीती नाही," बायको म्हणाली.

विणकराला पुन्हा ढास आली.

"अहो, बाळावर खोकू नका! तुमचा खोकला लागायचा त्याला."

खरंच की. त्याने चटकन मान वळवली, खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच्या तोंडावर घट्ट बांधला.