पंचाची खुराक

बसा हो बसा, उठायची घाई कामून करायलाव? बैलं अजून पानी पियायलेत. तवर संतपूरच्या हरिबाची गोष्ट सांगतो. ऐकताव का? ऐका मग.

तर हरिबा बिदरच्या अदालतीत पंचांच्या बाकावर बसला हुता आन जीव त्याचा शेतात अडकला हुता.

पंच म्हंजी काय, तर मुन्सिफसाहेबाच्या बाजूला बसायचं, दोन्हीकडचं ऐकायचं आन शेवटाला सांगायचं, ह्यो गडी चोर हाय का न्हाई. शिपाई समन घेऊन आला की हातातलं काम टाकून जायचं. त्याच्या बदल्यात सरकार खुराक द्यायचं, दिवसाला आठ आने, निजामाच्या हाली शिक्क्याचे. पन मेख अशी, की पाची पंचांनी मत दिल्यावरच ती मिळायची. एक जरी गप बसला, तरी सगळ्यांना पुढची तारीख. खिसा मोकळा आन पाय दुखायलेले.

आन गप बसनारा हरिबाच हुता.

खटला नागप्पाचा. देशमुखाच्या खळ्यावरनं तुरीची पोती गेली आन राखनीला नागप्पा हुता, म्हनून त्याला धरला. बैलानं मारल्यापासनं त्याचा डावा हात नुस्ता लोंबायचा. उजव्याला दोरी बांधून कोपऱ्यात उभा केलेला. कानडी मानूस. कुनी बी बघितलं की म्हनायचा, "नानल्ल अप्पा, नानल्ल." मी न्हवं, मी न्हवं.

चोर म्हनावं तर हरिबाची जीभ उचलंना. न्हाई म्हनावं तर देशमुख समोर मिशीवर हात फिरवत बसलेला. म्हनून गप.

दुपारी साहेब जेवायला उठले. पंच लिंबाखाली बसले.

त्यातला मल्लप्पा तोंड वाजवायला लागला. "हरिबा, तुझं तोंड उघडतंय तरी का न्हाई? का तुझ्या बायकूनं, चंद्रभागाबाईनं शिवून पाठवलंय? घरी माझी म्हैस व्यायला झालीय, आन मी हितं तुझ्या मांडीला मांडी लावून बसलोय!"

"मग म्हशीलाच आनायची की पंच म्हनून," हरिबा म्हनला. "तिनं तरी इचार केला असता. आरं, एका हाताचा गडी पोतं पाठीवर घेतोय कसा?"

"ते देशमुखाला इचार."

"तूच इचार की."

मल्लप्पानं भाकरीचा तुकडा मोडला आन दुसरीकडं बघून खायला लागला.

आप्पाराव म्हंजी जुना पंच, केस पांढरे झालेले. त्यो हळूच सरकून जवळ आला. "हरिबा, एक सांगू? वाद घालू नगंस. साहेब नवा हाय, हैद्राबादचा, त्याला आपली बोली कळत न्हाई. तू आपलं उभं ऱ्हायचं आन एवढंच म्हनायचं, माझी हरकत हाय. मागं एका खटल्यात म्या म्हनलो हुतो. साहेबाजवळ लिहायला बसत्यात त्या गुंडेराव पेशकारांनी साहेबाला समजावून सांगितलं. गडी सुटला."

"आन खुराक?"

"ती बी मिळाली की. मत दिलं म्हंजी झालं. मग ते कसलं का असंना."

"मग तुमी बी म्हना की आप्पा, माझ्यासंगं."

आप्पारावानं खाली बघितलं. "माझं रान देशमुखाच्या पाटाखाली हाय, बाबा."

घंटा झाली. सगळे आत गेले. गुंडेराव लेकीच्या लग्नाला हुमनाबादला गेलेले. त्यांच्या जागी साहेबासंगं आलेला नवा पेशकार बसला हुता, गोरापान, कानात अत्तराचा फाया.

चौघांनी पटापटा मत दिलं. चोर. चोर. चोर. आप्पारावानं बी मान हलवली. पेशकारानं लिहून घेतलं आन त्यांना व्हरांड्यात खुराक वाटनाऱ्या नाजराकडं थांबायला पाठवलं. ऱ्हायला एकटा हरिबा.

साहेब नागप्पाकडं वळले. नागप्पाचं आपलं तेच, "नानल्ल, नानल्ल." साहेब चिडले. टेबलावर हात आपटून भराभरा उर्दूत काय काय बोलले. हरिबाला त्यातलं कायबी कळलं न्हाई. पन शेवटाला साहेब ओरडले, "आखिर ये किसकी हरकत है?" त्यातला हरकत शब्द कानावर पडला आन त्याच्या अंगात बळच आलं. साहेब सोताच इचारायलेत की!

त्यो ताडकन उभा ऱ्हायला. देशमुखाकडं बघितलंच न्हाई.

"माझी! माझी हरकत हाय, साहेब!"

साहेबांनी चष्मा काढला. हरिबावर बोट रोखून इचारलं, "तेरी हरकत?"

"व्हय साहेब, माझीच. ह्या नागप्पाचा काय बी दोष न्हाई, त्याला सोडा."

साहेबांनी व्हरांड्यातल्या चौघांकडं हात केला. "और वो लोग?"

"त्यांची न्हाई साहेब. एकट्या माझी."

साहेब पेशकाराशी बोलले. पेशकाराचा बोरू चालायला लागला. शिपायानं नागप्पाची दोरी सोडली. नागप्पा तसाच धावत आला आन एका हातानं हरिबाचे पाय धरले. हरिबाला रडू फुटलं. एवढ्या तारखांचं ओझं उतरलं हुतं. त्याला वाटलं, हे जर एवढं सोपं हुतं, तर पहिल्याच दिवशी कामून बोललो न्हाई?

शिपाई समोर आला. "हाथ आगे करो."

एवढं मातर हरिबाला कळलं. आपली खुराक जागेवरच द्यायलेत म्हनून त्यानं डोळे पुसले आन दोन्ही तळवे पुढं केले.

शिपायानं दोन्ही मनगटं धरली आन नागप्पाची तीच दोरी त्यांच्यावर आवळली.

तवा, मंडळी, तुमच्यात कुनाला धड उर्दू येत असंल, तर उठा हो, तेवढं हरिबाला सोडवायला माझ्यासंगं बिदरला चला.