विहिणीची भाषा

विहीणबाई अंगणात उभ्या राहिल्या आणि मथुरेच्या डोक्यातलं सगळं रशियन भुर्रकन उडून गेलं.

दिवाळीपासून घोकलेलं हो! सकाळी बांगडे साफ करताना मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि आतली बाई बोलेल तसं बोलायचं. मासळीला ‘रीबा’, पाण्याला ‘वदा’, हे पटकन जमलं. साखरेला तिकडेही ‘साखर’च म्हणतात म्हटल्यावर मथुरेला ती माणसं एकदम सोयरिकीतलीच वाटायला लागली. पण साधा नमस्कार करायचा तर ‘झ्द्रास्त्वुइच्ये’! शेजारच्या शेवंतीने सांगूनच टाकलं होतं, "ह्यां बोलान होयसर पावणो परतान जायत गो!"

आता सोयरीक कसली, तेही सांगायला हवं. मथुरेचा एकुलता एक मुलगा समर्थ पर्यटकांना मालवणच्या समुद्रात पाण्याखालचं जग दाखवायला नेतो. एका हिवाळ्यात दाशा नावाची रशियन पोरगी त्याच्याबरोबर पाण्यात उतरली, ती वर आली ती त्याचीच होऊन. ‘दशा’ नव्हे, ‘दाशा’. हे देवबाग गावात घरोघर समजावता समजावता मथुरेच्या नाकी नऊ आले होते. पोरगी लाघवी. इथलं बोलणंही तिने झटकन उचललं. पण तिची आई तमारा तिकडे एकटी, आणि लेकही एकच. तिने बजावलं होतं, घर बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही; आणि नाही म्हटलं तर लेकीने मुकाट्याने परत यायचं. दाशानेही समर्थला स्पष्ट सांगितलं होतं, आईला रडवून मी लग्न करणार नाही. सगळं काही या एका दुपारच्या जेवणावर येऊन ठेपलेलं.

"मिया सांगतंय तिका, तुमी कित्याक त्रास घेतास?" दाशा म्हणाली होती.

"नाय गो बाये. आवशीवांगडा आवशीनच बोलूक व्हया," मथुरेने ठणकावलं होतं. आईशी बोलायचं ते आईनेच! ‘तुमची लेक आमच्याकडे लेकीसारखीच राहील’ हे एक वाक्य तर तिने झोपेतसुद्धा बरळण्याइतकं पाठ केलं होतं.

पानं वाढली. तळलेली सुरमई, वडे, सोलकढी. मथुरेने पदर सावरला, देवाचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं.

"ग्द्ये मित्रो?"

म्हणजे, मेट्रो कुठे आहे? देवबागात! जिथे समोरून टेम्पो आला तर रिक्षा कुणाच्या तरी अंगणात घालावी लागते! तमाराबाईंनी दचकून माडांकडे बघितलं, खाडीकडे बघितलं. दाशाला सोलकढीचा ठसका लागला. मथुरेचे कान तापले. तिने पुन्हा जीव एकवटला, तर या खेपेला मोबाइलमधलं दुसरंच वाक्य बाहेर पडलं, ‘ही माझी बॅग नाही.’ तमाराबाईंनी आपली बॅग हळूच पायाशी ओढून घेतली.

झालं! पुढे मथुरेने फक्त वाढायचं काम केलं. बाई वाढलेलं सगळं जेवल्या, पण चेहरा असा की हसणं नाही की रागावणं नाही. समर्थ ताटातला काटा उगाच इकडून तिकडे सरकवत बसला.

रात्री गोव्यातल्या मोपाहून विमान होतं. दाराशी गाडी येऊन थांबली. तमाराबाई लेकीला काहीतरी म्हणाल्या. दाशाने खाली मान घालून सांगितलं, "आई म्हणता, घराक जावन कळयतंय."

‘घरी जाऊन कळवतो’ म्हणजे काय, हे ज्या घरात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम झालाय अशा कुठल्याही घराला विचारा. एवढं शिकून काय मिळवलं? ‘मेट्रो कुठे आहे’! आपल्या येड्या जिभेपायी पोराचं लग्न मोडलं, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले.

तमाराबाईंनी बॅग उचलली, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं आणि वळून म्हणाल्या, "नू, या पश्ला."

‘पश्ला’! हा शब्द मथुरेला पक्का ठाऊक होता. ‘पश्ला’ म्हणजे गेले. गेले? अगो बाये! भरल्या घराच्या दारात उभं राहून कोण असं म्हणतं? मथुरेने कसलाही विचार केला नाही. स्वतःच्या लेकीच्या तोंडावर ठेवावा तसा तिने फटदिशी विहिणीच्या तोंडावर हात ठेवला.

"न्येत पश्ला! न्येत! प्रिदू! प्रिदू म्हण!"

समर्थने कपाळावर हात मारून घेतला. गाडीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून बघायला लागला. तमाराबाई तशाच थिजलेल्या, मथुरेच्या हाताच्या वर त्यांचे नुसते डोळे दिसत होते.

दाशाने धावत येऊन आईला समजावलं. प्रिदू, म्हणजे येईन. इथे निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं. माणूस परत यायला हवा असतो, म्हणून निघतानाही ‘येतो’च म्हणतात.

तमाराबाईंनी मथुरेचा हात तोंडावरून काढला, पण सोडला नाही. दोन्ही हातांत घट्ट धरला. "प्रिदू," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळून भराभर बोलत सुटल्या. दाशा हसायला लागली, आणि हसता हसताच रडायला लागली.

"काय म्हणता ती? सांग मगे!" मथुरेला धीर निघेना.

"म्हणता, लगीन करा," दाशा डोळे पुसत म्हणाली. "पण तिच्या घराकडसून निघताना मिया पण ‘येतंय’च म्हणूक व्हया."