चार नंबरचा आवाज

"मालकिणीच्या बाळाचा वाळा शेवंतानंच चोरला. सांभाळायला दुसरं होतंच कोण?" न्यायालयाच्या बंद खोलीत ऋजुता म्हणाली. चेहरा झाकून आवाज बदलणाऱ्या टोपांमुळे बाराही पंचांचे आवाज सारखेच येत होते. कोण कुठला, हे कळू नये म्हणून.

"पोरं वाळे ओढतात नि तांदळाच्या डब्यात टाकतात. डबा कुणी पाहिला?" चार नंबरनं विचारलं.

ही नक्की माझ्यासारखीच आई, असं वाटून ऋजुतानं मत बदललं. बाकीचेही वळले नि शेवंता सुटली.

टोप उतरले. चार नंबर म्हणजे भंगारवाले आजोबा निघाले. सकाळी न्यायालयाच्या फाटकात त्यांनी खेळवायला हात पुढे करताच तिनं आपलं बाळ चटकन मागे घेतलं होतं.

तिथल्या पाळणाघरातून आणून तिनं बाळ आता त्यांच्याकडे दिलं.

"ताई, वाळे काढून ठेवा आधी," आजोबा हसले. "हरवले तर पुन्हा बारा जण बसवाल!"

"राहू द्या. हरवलेच, तर आधी डबा बघीन."