मुरत ठेवलेले खडक

नव्या फिशटँकसाठी आणलेले समुद्रातले खडक नवऱ्याने बाथरूममधल्या टबात, खाऱ्या पाण्यात मुरत ठेवले होते. घरभर सडका वास सुटला होता. तो रोज खडक घासायचा, पाणी बदलायचा, ते तपासायला काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघायचा.

"सोड की आता मासे," नाक दाबून सासूबाई म्हणाल्या.

"घाई करून चालत नाही, आई. खडकांवरचं जे मेलंय ते आधी पुरतं जाऊ दे. त्याआधी नवा जीव सोडला तर तो जगत नाही."

मी टॉवेल घेऊन दारात उभी होते. आमचं बाळ जाऊन महिनाही झाला नव्हता.

"आणि हिचं काय?" सासूबाईंनी त्यालाच विचारलं.

"डॉक्टर हरकत नाही म्हणालेत," माझ्या हातातला टॉवेल घेत तो म्हणाला. "वर्षाच्या आत पाळणा हलेल बघ."